कचऱ्याच्या डब्यातली मूल्ये



दोन वर्षांपूर्वीच्या आपल्या चर्चच्या फेस्ताची ही गोष्ट आहे. त्या दिवशी आम्ही मिस्सामध्ये सृष्टीच्या जतनाविषयी प्रवचन केले. आपल्या खाडीतली खारफुटी, तिथे येणारे फ्लेमिंगो, देवाने माणसाच्या हाती सोपवलेली पृथ्वी असे बरेच काही आम्ही बोललो. मिस्सानंतर काहींनी हात हातात घेऊन सांगितले, "फादर, आजचे प्रवचन मनाला लागले." आम्हालाही बरे वाटले. मग हॉलमध्ये सर्वांचे प्रेमभोजन झाले, गाणी झाली, सोडत झाली आणि रात्री आम्ही समाधानाने झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन आम्ही गॅलरीत उभे होतो. खाली फाटकाजवळ काळ्या पिशव्यांचा ढीग पडला होता. थर्मोकोलच्या ताटल्या, प्लास्टिकचे पेले, हाडे, उष्टा भात, सजावटीची फुले, बाटल्या, सारे एकत्र कोंबलेले. एक सफाई कामगार बाई त्या पिशव्या सोडून हाताने ओला आणि सुका कचरा वेगळा करत होत्या. हातमोजे त्यांच्या कमरेला खोचलेले होते. मध्येच त्यांनी हात झटकला आणि बोट तोंडात धरले. आम्ही खाली गेलो. उष्ट्या भातात फुटलेली बाटली होती, तिची काच त्यांना लागली होती.

"मोजे का नाही घातले?" असे आम्ही विचारले. माणूस गोंधळला की असलेच काहीतरी विचारतो.

"मोज्यांनी गाठ सुटत नाही, फादर," त्या म्हणाल्या. आम्ही पट्टी आणून दिली. ती लावताना त्या सहज बोलल्या, "काल तुमचं बोलणं बाहेर उभं राहून ऐकलं मी. चांगलं बोललात."

त्या वाक्यात टोमणा नव्हता आणि म्हणूनच ते आमच्या जिव्हारी लागले. टोमणा असता तर आम्ही काहीतरी समर्थन केले असते. जेवणाची व्यवस्था कमिटीकडे होती, गर्दी फार होती, वेळ नव्हता, असे काहीही. पण त्यांनी आमचे शब्द खरे मानले होते आणि त्याच शब्दांच्या शेजारी बसून त्या आमची पिशवी उपसत होत्या.

त्या सकाळपासून एक प्रश्न आमची पाठ सोडत नाही. आपली मूल्ये नेमकी कुठे असतात? आपण जे बोलतो त्यात, की आपण जे दाराबाहेर ठेवतो त्यात?

कोणालाही विचारा, "तुमच्या दृष्टीने आयुष्यात महत्त्वाचे काय?" उत्तरे ठरलेली असतात: प्रामाणिकपणा, कुटुंब, सेवा, श्रद्धा, माणुसकी. ही उत्तरे खोटी नसतात, माणसे ती मनापासूनच देतात. परंतु आपल्याला जे आवडते आणि आपण ज्यासाठी काही मोजतो, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. प्रामाणिकपणा आवडत नाही असा माणूस शोधून सापडणार नाही. चोरालासुद्धा आपला साथीदार प्रामाणिक असावा असेच वाटते. एखादी गोष्ट आपले मूल्य आहे की नाही, हे तिच्यासाठी थोडा त्रास, थोडा वेळ, थोडे पैसे मोजायची पाळी येते तेव्हाच समजते.

अशी पाळी मोठ्या प्रसंगी क्वचित येते. धर्मासाठी प्राण देण्याचा प्रसंग आपल्यापैकी कोणावर येईल असे वाटत नाही. मात्र रोज वीस-पंचवीस लहान पाळ्या येतात. आपण मॉलमध्ये छापील किमतीला मुकाट्याने पैसे देतो आणि बाहेर भाजीवालीशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालतो. फोन वाजला की मुलाला सांगतो, "पप्पा घरी नाहीत म्हणून सांग," आणि त्याच मुलाला रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गाला पाठवतो. घरकाम करणाऱ्या ताई दहा वर्षे आपल्या घरात वावरतात, तरी त्यांचा कप वेगळा राहतो. रविवारी मिस्साला उशीर झाला म्हणून गाडी अशी लावतो की शेजारच्या सोसायटीतल्या आजारी माणसाची रिक्षा आत येऊ नये. या साऱ्यात कोणी आपल्याला "तुमचे मूल्य कोणते?" असे विचारत नाही. आपण न विचारता उत्तर देऊन मोकळे होतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला ॲरिस्टॉटलचा एक विचार शिकवला होता. घर बांधता बांधता माणूस गवंडी होतो, वाद्य वाजवता वाजवता वादक होतो. तसेच न्यायाची कृत्ये करता करता माणूस न्यायी होतो. चांगुलपणा हे ज्ञान नसून ती सवय आहे, असे त्याचे म्हणणे होते. पुढे संत थॉमस अक्वायनस यांनी हाच धागा ख्रिस्ती विचारात गुंफला. परीक्षेत आम्ही त्यावर चांगले गुण मिळवले. पण त्याचा अर्थ आम्हाला खरा कळला तो फाटकाजवळच्या त्या पिशव्यांपाशी.

आपल्यापैकी पुष्कळांना वाटते की मूल्ये आत, मनात असतात आणि वागणे ही केवळ बाहेरची गोष्ट आहे. "मी वरून कसाही असेन, पण मनाने चांगला आहे," असे आपण म्हणतो. ॲरिस्टॉटलचे ऐकायचे तर हे विधान टिकत नाही. वागणे ही मनाची नुसती सावली नव्हे. वागण्यातूनच मन घडते. आज निष्काळजीपणे बांधलेली पिशवी उद्या आपल्याला आणखी थोडी निष्काळजी करते. आज कागदात गुंडाळलेली काच उद्या आपल्याला थोडे अधिक जपून वागायला शिकवते. मन घडवण्याचे काम दिवसभर चाललेले असते, फक्त आपले तिकडे लक्ष नसते.

प्रभू येशूने सांगितलेला दोन मुलांचा दाखला आपल्याला ठाऊक आहे. बापाने दोघांनाही द्राक्षमळ्यात कामाला जायला सांगितले. एकाने साफ नकार दिला, पण नंतर त्याला वाईट वाटले आणि तो गेला. दुसरा आदबीने "जातो" म्हणाला आणि गेला नाही. बापाची इच्छा कोणी पूर्ण केली, असा प्रभूचा प्रश्न होता. आम्ही मात्र धर्मगुरू म्हणून हा दाखला वाचतो तेव्हा दुसऱ्या मुलाचा चेहरा आम्हाला जरा ओळखीचा वाटतो. गोड "हो" म्हणणे हा आमचा व्यवसायच आहे.

आता आपल्या शहराकडे पाहू. सिडकोने १९७० नंतर वसवलेल्या या नगरीला स्वच्छतेसाठी देशभर नाव मिळाले. केंद्र सरकारच्या स्वच्छ सर्वेक्षणात नवी मुंबई २०२० साली आणि पुन्हा २०२२ साली देशात तिसरी आली. कोपरखैरण्यात जिथे एकेकाळी डंपिंग ग्राउंड होते, तिथे आज निसर्ग उद्यानात लोक सकाळी फिरायला जातात. या साऱ्याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाही हवा. पण क्रमांक शहराला मिळतो. डबा घरागणिक वेगळा असतो. २०१६ सालीच केंद्राच्या नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर टाकली होती. नियम आहे हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही मिस्सानंतर कधी हा विषय निघाला की हमखास एक वाक्य ऐकू येते: "फादर, आपण एकट्याने वेगळा करून काय होणार? शेवटी सगळा एकाच ठिकाणी जातो."

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. एका घराच्या कचऱ्याने तुर्भ्याच्या प्रकल्पावर फरक पडणार नाही, हे खरेच आहे. एका मताने निवडणूक फिरत नाही आणि एका थेंबाने मोरबे धरण भरत नाही. पण या आक्षेपात एक गोष्ट हरवते. पिशवी प्रकल्पावर पोहोचण्यापूर्वी कोणाच्या तरी हातात जाते. शहराच्या आकड्यात आपली पिशवी दिसणार नाही, पण त्या एका हाताला ती पूर्ण लागते. त्या बाईंचे बोट कापले ते शहराच्या कचऱ्याने नव्हे, तर आमच्या एका बाटलीने.

आम्हाला वाटते, मूल्यांचा सारा प्रश्न इथेच उलगडतो. आपल्या प्रत्येक लहान निवडीच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस उभा असतो. बहुतेक वेळा तो आपल्याला दिसत नाही. भाजीच्या पाच रुपयांच्या पलीकडे कोणी आहे, वाटेत लावलेल्या गाडीच्या पलीकडे कोणी आहे, व्हॉट्सॲपवर पुढे ढकललेल्या अफवेच्या पलीकडे कोणी आहे. तो दिसत नसतानाही त्याला पाहून वागणे, यालाच मूल्य म्हणावे. बाकी सारी मते.

पुण्यातले एक उदाहरण आम्हाला फार आवडते. तिथे १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत उभी राहिली आणि पुढे तिच्यातूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली. या भगिनींनी शहरातल्या घरांना एक साधी विनंती केली. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर उघडे टाकू नका. कागदात गुंडाळा आणि त्यावर एक लाल ठिपका काढा. ठिपका दिसला की पुडके उघडावे लागत नाही. एका ठिपक्याला किती वेळ लागतो? पाच सेकंद. पण तो ठिपका काढणाऱ्या गृहिणीने, आपण जिला कधी भेटणार नाही अशा एका स्त्रीची लाज राखलेली असते. माणूस हा साधन नसून साध्य आहे, हे कान्ट या जर्मन तत्त्ववेत्त्याने अवघड भाषेत सांगितले. पुण्याच्या कचरावेचक भगिनींनी तेच लाल पेनने करायला सांगितले.

आपल्या महाराष्ट्राने तर याहून जुना धडा पाहिला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा अक्षरशत्रू होते. गावात आले की ते हातात खराटा घेऊन रस्ते झाडू लागत आणि रात्री कीर्तन करत. क्रम लक्षात घेण्यासारखा आहे: आधी झाडणे, मग बोलणे. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे त्यांनी गोरगरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, पण स्वतःसाठी घर बांधले नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले. राज्य सरकारने २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छतेचे अभियान सुरू केले तेव्हा त्याला त्यांचेच नाव दिले. बाबांचे कीर्तन लोकांच्या मनात उतरत असे, कारण दिवसभर त्यांनी तेच कीर्तन खराट्याने केलेले लोकांनी पाहिलेले असे. आम्ही आमच्या प्रवचनाचा क्रम उलटा ठेवला होता. आम्ही आधी बोललो आणि झाडायला दुसऱ्या कोणाला तरी ठेवले.

इथे एक सावधगिरी घ्यायला हवी. वागण्यातून मूल्ये दिसतात हे एकदा पटले की माणसाला लगेच शेजाऱ्याच्या डब्यात डोकावायची इच्छा होते. चौथ्या मजल्यावरचे लोक कसे आहेत हे आता त्यांच्या पिशवीवरून ठरवू, असे वाटू लागते. कृपा करून तसे करू नका. रात्रपाळी करून आलेल्या नर्सने सकाळी डोळ्यांवर झोप असताना काय टाकले, यावरून तिची सेवावृत्ती ठरत नाही. एका खोलीत सहा माणसे राहतात तिथे दोन डबे ठेवायला जागा कुठून येणार? निवड करायला थोडी जागा, थोडा वेळ, थोडे बळ लागते आणि देवाने ते सर्वांना सारखे दिलेले नाही. ज्याच्याकडे जास्त आहे त्याच्याकडून जास्त मागितले जाईल, हे शुभवर्तमान आपल्याला सांगतेच. म्हणून हा आरसा भिंतीवर टांगू नये. हातात धरून फक्त स्वतःचा चेहरा पाहावा. एखाद्याची एक चूक म्हणजे तो माणूस नव्हे. पण आपली स्वतःची तीच चूक रोज होत असेल, तर तिला चूक म्हणण्यात अर्थ नाही. ती आपली निवड झाली आहे.

दुसरी सावधगिरी दिखाव्याची. दानधर्म करताना कर्णे वाजवणाऱ्यांविषयी प्रभू काय म्हणाला, ते आपण दरवर्षी राखेच्या बुधवारी ऐकतो. आजच्या काळात हातात खराटा घेण्याआधी फोटो काढणारा उभा करतात. वास्तविक मागच्या दाराची गंमत हीच आहे की तिथे टाळ्या वाजवायला कोणी नसते. म्हणूनच तिथे जे घडते ते अस्सल असते.

संत लूकच्या शुभवर्तमानातला श्रीमंत माणूस आठवा. त्याच्या दाराशी लाजर पडलेला असे. त्या श्रीमंताने लाजरला मारले नाही, शिवी दिली नाही, हाकलूनही दिले नाही. त्याचा दोष एवढाच की तो रोज त्याच दारातून आत-बाहेर करत होता आणि त्याला लाजर दिसला नाही. उष्ट्याचे तुकडेसुद्धा त्याच्यापर्यंत पोहोचले नाहीत. या दाखल्याची भीती वाटते ती यासाठी की त्यात मोठे पाप कुठेच नाही. आहे ती केवळ रोजची सवय. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात सृष्टीच्या एवढ्या मोठ्या प्रश्नाविषयी लिहिताना, कचरा वेगळा करणे, पाणी जपून वापरणे, खाता येईल तेवढेच शिजवणे अशा घरगुती गोष्टींचा आवर्जून उल्लेख केला, तोही याच जाणिवेतून. सवयीने बिघडलेले सवयीनेच सुधारावे लागते.

मग आम्ही काय केले? फार मोठे काही नाही. गेल्या वर्षीच्या फेस्ताला कमिटीने स्टीलची ताटे भाड्याने आणली. खर्च वाढला. ताटे कोणी घासायची यावरून बैठकीत तासभर वाद झाला आणि काहींनी सरळ नाराजी बोलून दाखवली. युवकांनी दोन पिंप रंगवून ठेवली, एक हिरवे आणि एक निळे. तरीही जेवणाच्या गर्दीत एका पिंपात दुसरा कचरा पडलाच. रात्री साडेदहा वाजता बाह्या सरसावून आम्ही आणि चार मुले तो वेगळा करत बसलो. तेव्हा प्रथम कळले की मोज्यांनी गाठ खरोखर सुटत नाही.

फेस्ताच्या जेवणाला त्या बाईंना बोलवावे असे आम्ही ठरवले होते. चौकशी केली तेव्हा समजले की त्यांची पाळी कधीच दुसऱ्या विभागात लागली आहे. कोणत्या, ते सांगता येईना, कारण आम्हाला त्यांचे नावच ठाऊक नव्हते. पट्टी दिली, चहा विचारला, मनातल्या मनात क्षमाही मागितली. नाव मात्र विचारले नाही. ती चूक आता दुरुस्त होण्यासारखी नाही. काही ऋणे ज्याची असतात त्याला परत करता येत नाहीत. त्याच्या जागी जो येतो त्यालाच ती द्यावी लागतात. सध्या आपल्या फाटकाशी जो तरुण येतो त्याचे नाव आम्हाला ठाऊक आहे. त्याला दोन मुली आहेत आणि चहात साखर कमी लागते.

बंधुभगिनींनो, या आठवड्यात आपण सर्वांनी मिळून तीन लहान गोष्टी कराव्यात असे सुचवावेसे वाटते. पहिली, आपल्या घरातली फुटकी काच, ब्लेड, इंजेक्शनची सुई नुसती टाकू नये. जाड कागदात किंवा खोक्यात बांधून वर ठळक खूण करावी. दुसरी, आपला कचरा नेणाऱ्या व्यक्तीचे नाव विचारावे आणि घरातल्या मुलांनाही ते पाठ असावे. तिसरी, संत इग्नेशियस यांनी शिकवलेले रात्रीचे आत्मपरीक्षण करताना नेहमीच्या प्रार्थनेत एका प्रश्नाची भर घालावी: आज माझ्या कोणत्या निवडीच्या पलीकडे एक माणूस होता आणि तो मला दिसला का?

पुढच्या रविवारी मिस्सानंतर भेटू तेव्हा प्रवचन कसे झाले ते सांगू नका. त्या व्यक्तीचे नाव सांगा.

आपले धर्मगुरू